मोकळी जमीन म्हणजे कोणती? डिलाईल रोडचं एक प्रकरण

हे प्रकरण एका रस्त्याचं आहे. करी रोड स्टेशनातून बाहेर पडायचं, ना. म. जोशी मार्गाला लागायचं, लोअर परळचा पूल ओलांडायचा आणि सेनापती बापट मार्गाने प्रभादेवी स्टेशन गाठायचं. रमतगमत गेलं तरी पाऊण तास. आमच्या घरात या रस्त्याला कोणी कधी ना. म. जोशी मार्ग म्हटलं नाही, डिलाईल रोडच म्हणायचे. माझा जन्म इथल्याच एका चाळीतला, दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीतला. १९९४ साली आम्ही खोली सोडून डोंबिवलीला गेलो. त्यानंतर लग्नकार्य, गणपती, मयत अशा निमित्ताने येणं व्हायचं, पण ते कोणाच्या तरी घरी जाऊन परत फिरण्यापुरतं. यंदा मात्र ठरवून गेले. चार वेळा गेले, वही घेऊन.

"सगळं बदललं बघ," असं या भागाबद्दल जो तो म्हणतो. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले. पण बदललं म्हणजे नेमकं काय झालं, कोणी केलं आणि कोणत्या कागदाच्या जोरावर केलं, हे मला धडपणे सांगता येत नव्हतं. ज्या जागेने आपल्याला वाढवलं तिच्याबद्दल इतपत तरी आपल्याला ठाऊक असावं, असं वाटलं म्हणून हे लिहिते आहे.

आधीची घडी

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिच्यात सूत निघू लागलं. पुढच्या शंभर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात गिरण्यांची रांगच लागली. ते गिरणगाव. १९८० च्या सुमाराला तिथे सुमारे अडीच लाख माणसं कामाला होती.

या वस्तीची रचना पायी चालण्यावर बेतलेली होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा पाया हाच आहे. कामगाराला पाळीच्या भोंग्याला दारात हजर व्हायचं असे, म्हणून चाळ गिरणीला खेटून. चाळीच्या खाली वाणी आणि पिठाची गिरणी, दोन गल्ल्या टाकल्या की व्यायामशाळा. कामगाराला कामावर जायला गाडी लागत नव्हती. करी रोड, चिंचपोकळी, लोअर परळ ही स्टेशनं अरुंद, जिने चिंचोळे, कारण तिथे उतरणारी माणसंच बेताची. आमचे बाबा पंचवीस वर्षं गिरणीत गेले, पण त्यांनी लोकलचा पास म्हणून कधी काढला नाही. पहिला पास काढला तो डोंबिवलीला गेल्यावर.

त्या दिवसांचं कौतुक ऐकलं की मला थोडं थांबवावंसं वाटतं. मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला संडास चार. पहाटे बायका रांगेत उभ्या, हातात डबा, डोक्यावरून पदर. आजारी माणसालाही रांग चुकत नसे. कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या असत, तिथे एकेका खोलीत पंधरा-पंधरा माणसं पाळीने झोपायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीवाला आडवा. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळीवर रुई चिकटलेली असे. आई ओल्या फडक्याने ती पुसायची. भुवयांवरची रुई फडक्याने जायची, छातीतली नाही. शेवटची दहा वर्षं बाबांना दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. तेव्हा गिरणी गेली याचं दुःख मी करते ते ती जागा स्वर्ग होती म्हणून नव्हे. आमच्या वस्तीत वाटेकरी पुष्कळ होते, आणि वाटणीच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नाही, हे दुःख आहे.

शेजारच्या काकू खानावळ चालवायच्या. त्यांचे यजमान त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात. त्यांच्याकडे बाराजण जेवायला, सगळे गाववाले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हापासून खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळू लागलं. काकूंनी त्यातून दोन मोठी पातेली आणि एक स्टोव्ह घेतला होता. पातेली अजून आहेत. काकूंकडे पुढे येतेच.

संप

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. पगारवाढ, बदली कामगारांना (कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवशी घेतले जाणारे) कायम करणं आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणं या प्रमुख मागण्या. त्या कायद्याने एका उद्योगात एकच संघटना मान्यताप्राप्त ठरत होती. कामगार दुसऱ्याच संघटनेमागे गेले तरी बोलणी करण्याचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहायचा. संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच नाही, तो विरत गेला. १९८३ साली केंद्राने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. हजारो माणसांना परत घेतलं गेलं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आई संध्याकाळी दोनच पोळ्या लाटायची आणि आम्हां भावंडांना चारी बाजूंनी तोडून द्यायची, एवढं लख्ख आठवतं.

संपाबद्दल पुष्कळ लिहिलं, बोललं गेलं आहे. मी इथे थांबत नाही, कारण माझं म्हणणं संपानंतरचं आहे. गिरण्या कधी ना कधी आजारी पडल्याच असत्या, असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. यंत्रं जुनी होती, मालकांनी नव्यात पैसा घातला नव्हता, आणि कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणलं जात होतं. पण गिरणी बंद पडणं हा एक प्रश्न आणि गिरणीखालच्या जमिनीचं काय करायचं हा निराळा. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगतात आणि त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जणू पहिल्यातच मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर जमिनीचा निर्णय पुढे स्वतंत्रपणे झाला. तो कागदावर आहे आणि त्याला तारखा आहेत.

नियम ५८

१९९१ साली मुंबईसाठी नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला ५८ वा नियम फक्त कापडगिरण्यांच्या जमिनींसाठी होता. आजारी गिरणीला जमिनीचा विकास करू द्यायचा, त्या पैशातून कामगारांची देणी भागवायची, जमल्यास गिरणी सावरायची, आणि मोबदल्यात शहरानेही आपला वाटा घ्यायचा, असा विचार. वाटणी साधारण तीन हिश्श्यांची होती. एक महापालिकेला, बागा-मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीला हे प्रमाण अनुक्रमे ३३, २७ आणि ४० टक्के होतं, जमीन मोठी असेल तसा मालकाचा हिस्सा कमी. दिलेल्या जमिनीबद्दल मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क मिळणार होता. म्हणजे त्याचं नुकसान होत होतं असं नाही.

तरीही पुढची काही वर्षं फारसं कोणी पुढे आलं नाही. वाटणी देण्यापेक्षा थांबणं बरं, असा हिशेब मालकांनी केला असावा. १९९६ साली राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या न बघता त्यांचा एकत्र आराखडा करावा, म्हणजे शहराला मिळणारे तुकडे एकमेकांना जोडून काहीतरी सलग हाती येईल, हा त्यामागचा विचार होता. तो आराखडा प्रत्यक्षात उतरला नाही.

आणि मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली.

दुरुस्ती कशाची होती हे मला समजायला पुष्कळ वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते. वाटणी होणार होती ती "मोकळ्या जमिनीची". मोकळी म्हणजे कोणती? गिरणीच्या शेड पाडल्या की मोकळी होणारी सगळी जमीन, की आधीपासून जिच्यावर काहीच उभं नव्हतं तेवढीच? २००१ च्या दुरुस्तीने दुसरा अर्थ पक्का केला. शेड पाडून निघालेली जमीन वाटणीत धरायची नाही. तिच्यावर जेवढं जुनं बांधकाम होतं तेवढं मालकाने नव्याने बांधावं, वाटा द्यायला नको.

आता गिरणी डोळ्यांसमोर आणा. जड, थरथरणारे माग वरच्या मजल्यावर बसवता येत नाहीत, म्हणून साचेखातं तळमजल्याला पसरलेलं. वर करवतीच्या दातांसारखी छपरं, उत्तरेच्या बाजूला काचा, म्हणजे ऊन न येता सारखा उजेड पडतो. बाजूला सूतखात्याची मजल्यांची इमारत, गोदाम, बॉयलर, चिमणी. गिरणीचं आवार म्हणजे छपरंच छपरं. ट्रक वळायला आणि कापसाच्या गासड्या उतरवायला लागते तेवढीच उघडी जागा. बाबा म्हणायचे, "पावसात या गेटपासून त्या गेटपर्यंत छत्री न उघडता जाता येतं." लहानपणी मला ती गिरणीची फुशारकी वाटायची. नियम वाचल्यावर त्या वाक्याचा अर्थ बदलला. ज्या आवारात छत्री लागत नाही, तिथे मोकळी जमीन किती निघणार?

समजण्यासाठी आकडे घेऊ. समजा गिरणी दहा एकरांची, त्यातल्या आठ एकरांवर छपरं आणि दोन एकर उघडे. शेडखालची जमीन धरली तर महापालिकेला ३.३ एकर, म्हणजे १३२ गुंठे. म्हाडाला २.७ एकर, म्हणजे १०८ गुंठे. मालकाला चार एकर. तीच गिरणी, तीच जमीन, दुरुस्तीनंतर: महापालिकेला २६ गुंठे, म्हाडाला २२ गुंठे आणि मालकाकडे पावणेनऊ एकरांच्या वर. मधे कोणी जमीन विकत घेतली नाही, कोणी दान केली नाही. एका शब्दाचा अर्थ ठरला. मी हा हिशेब प्रथम वहीत मांडला तेव्हा चूक झाली असं वाटून पुन्हा मांडला होता.

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. दरम्यान २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. दादरची कोहिनूर गिरणी ४२१ कोटींना गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने पाडकामानंतर निघणारी जमीनही वाटणीत धरावी असा निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली. त्यानंतर डिलाईल रोडवर जे उभं राहिलं ते सगळं त्या निकालाच्या जमिनीवर उभं आहे.

काकूंची पिशवी

काकू आता एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या म्हाडाच्या इमारतीत राहतात. लॉटरीत लागलेलं घर, २२५ चौरस फूट. दार उघडताच म्हणाल्या, "ये गो, चपला आतच काढ. बाहेर ठेवलेल्या सोसायटीवाले उचलतात."

कामगारांना जमिनीच्या वाट्यातून घर मिळालं हे आपोआप झालं नाही. दत्ता इस्वलकर मॉडर्न मिलचे कामगार. त्यांनी आणि सोबत्यांनी १९८९ च्या गांधीजयंतीला बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली आणि वर्षानुवर्षं उपोषणं, मोर्चे, धरणी करत हा हक्क सरकारकडून वदवून घेतला. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले. या वस्तीतल्या कुठल्याही उंच इमारतीइतकंच त्यांचं काम मला मोठं वाटतं, आणि ते मी उगाच म्हणत नाही. ज्यांची नोकरी गेली, संघटना विस्कटली, निम्मी माणसं गावी परतली, त्यांना एकत्र धरून ठेवायचं आणि मागणी कागदावर आणायची हे फार कठीण.

पहिली लॉटरी २८ जून २०१२ ला निघाली. घरं ६,९२५, किंमत साडेसात लाख. अर्ज दीड लाखाच्या आसपास. पुढे २०१६ आणि २०२० मध्ये आणखी घरं निघाली. अर्ज आणि घरं यांच्यातली तफावत कुठून आली, हे मघाच्या हिशेबात आहे. १०८ गुंठ्यांचे २२ गुंठे झाले की घरंही त्याच मापाने कमी होतात.

काकूंनी कपाटातून एक लाल रेक्झिनची पिशवी काढली आणि पलंगावर रिकामी केली. गिरणीचा पास, कडा खाल्लेला, त्यावर काकांचा तिशीतला फोटो. भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी. हजेरीचा दाखला. ग्रॅच्युइटीचं पत्र. मृत्यूचा दाखला. वारसाचा दाखला. प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला, प्रत्येकाच्या सात-आठ झेरॉक्स रबराने बांधलेल्या. पासवर खात्याच्या जागी पेनने लिहिलेलं "त्रासन" अर्धं पुसलेलं होतं. पडताळणीच्या वेळी तिथल्या माणसाने हे नेमकं काय लिहिलंय असं विचारलं, तर काकूंनी त्याला उभ्या उभ्या त्रासनखात्यात काय चालतं ते सांगितलं. चाती कशी फिरते, धागा तुटला की चालत्या यंत्रावर बोटाने कसा सांधायचा, सगळं. काकू गिरणीच्या आत कधीही गेलेल्या नाहीत. बाराजण जेवताना जे बोलायचे त्यातून त्यांना ते पाठ झालं होतं.

"घर लागलं तेव्हा हे नव्हते," काकू म्हणाल्या. "यादीत नाव ह्यांचंच आलं. मी ते नाव बोटाने तीनदा वाचलं."

घरात संडास आहे, नळाला पाणी आहे. काकू रात्री-अपरात्री उठतात तेव्हा त्यांना डबा घेऊन जावं लागत नाही. हे मी अगदी ठळक अक्षरांत लिहिते, कारण चाळीच्या आठवणी काढणारी आम्ही मंडळी हे विसरतो. आणि दुसरंही लिहिते. खिडकी उघडली की समोर, दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर, दुसरी इमारत. तिच्यापलीकडे, जिथे साचेखातं होतं, तिथे काचेची कचेरी. दोन्ही जागा एकाच गिरणीच्या. मधे भिंत आहे, भिंतीवर तार आहे. काकूंची इमारत जिन्यातून चढताना मी सहज मोजलं, एकेका मजल्यावर किती दारं आहेत ते. मग खाली येऊन त्या भिंतीपलीकडचं आवार पाहिलं, कारंजं आणि हिरवळ. ती हिरवळ मोकळी जमीन आहे, पण आपल्यापैकी कोणाला तिच्यावर बसता येणार नाही.

चालायची जागा

ज्या वस्तीतले लोक कामाला पायी जात होते, त्या वस्तीत आता सारी दुनिया गाडीने कामाला येते. विरार, वसई, कल्याण, बदलापूर, पनवेल. डोंबिवलीहून माझी मुलगीही इथेच येते, तिच्या आजोबांच्या गिरणीपासून पाच मिनिटांवरच्या कचेरीत. सकाळी साडेनऊला लोअर परळच्या जिन्यावर उभं राहिलं की पाय उचलायला जागा नसते.

मी तीन ठिकाणी फूटपाथ पावलांनी मोजला. एका मॉलच्या समोर पाच पावलं रुंद, गुळगुळीत फरशी. त्याच रस्त्याने पुढे गेलं की दोन पावलं. पूल उतरल्यावर एके ठिकाणी विजेचा खांब, पेटी आणि झाडाचा कठडा मिळून फूटपाथ संपतो आणि माणसं गाड्यांमध्ये उतरतात. तिथे मी दहा मिनिटं उभी राहिले. काठी टेकत एक आजोबा आले, थांबले, डावी-उजवीकडे पाहिलं आणि परत फिरले.

२९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर माणसं अडकली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पुढे लष्कराने तिथे नवा पूल उभारला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नावही प्रभादेवी झालं. रेल्वेच्या पुलाची जबाबदारी रेल्वेची, ती मी गिरणीच्या जमिनीवर ढकलत नाही. पण त्या पुलाला ही गर्दी कुठून आली? तिन्ही बाजूंना गिरण्यांच्या जागी कचेऱ्या झाल्या, म्हणून आली. आणि कचेऱ्यांना परवानगी देताना, एवढी माणसं स्टेशनातून उतरून पायी येणार तर त्यांच्यासाठी जागा कुठून आणायची, हा प्रश्न ज्या ३३ टक्क्यांतून सुटू शकला असता तो हिस्सा शहराने आधीच सोडून दिला होता. हे माझं मत आहे. चार फेऱ्यांत ते पक्कं होत गेलं.

डिलाईल रोडचा, म्हणजेच लोअर परळचा पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूलही नव्या जोडरस्त्यासाठी बंद झाला. दर वेळी या भागातला माणूस वळसा घालून चालतो. काकू केईएमला जायचं म्हटलं की आता आदल्या रात्रीच वाट ठरवतात.

परळचं दामोदर नाट्यगृहही बंद आहे, पुनर्बांधणीसाठी. ना. म. जोशींनी १९११ साली सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू, कामगार रंगभूमीचं माहेर. पाटीपुढे मी थोडा वेळ थांबले. बाबा रातपाळी करून तिथे एका नाटकात शिपायाचं काम करायचे, वाक्यं दोन. लालबागच्या चिवडा गल्लीत मात्र वास तसाच आहे आणि गणपतीच्या दिवसांत गर्दीही तशीच, उलट जास्त.

आमची चाळ

आमची चाळ उरलेली नाही. तिच्या जागी उंच इमारतीचं गाड्या ठेवायचं चार मजली बांधकाम आहे. रखवालदाराने आत सोडलं नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून अंदाज घेतला तर आमची खोली दुसऱ्या पातळीवरच्या गाड्यांच्या उंचीला येते.

तिथून काकूंकडे परतले, चौथ्या आणि शेवटच्या फेरीत. त्यांनी पुन्हा लाल पिशवी काढली, पण या वेळी दुसरे कागद होते. त्यांच्या दिरांचे. दीरही गिरणीत होते, बदली म्हणून लागले आणि बदलीच राहिले. आता गावी असतात, वय ऐंशीच्या पुढे. अर्ज केला होता, कुठल्याच लॉटरीत नाव आलं नाही. मुंबईत जमीन उरली नाही, घर हवं तर शेलू-वांगणीला, असं त्यांना कळवलं गेलं. गिरणी कामगारांच्या संघटना या प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, आम्हांला घर मुंबईतच हवं म्हणून. दिरांनी मात्र पत्र पाठवून काकूंना विचारलं होतं, काय करू.

काकूंनी चष्मा पुसला आणि माझ्या हातात मोबाईल दिला. "बघ तरी कुठे येतं ते."

मी नकाशा उघडला. बदलापूर गेलं, मग वांगणी, मग शेलू, मग नेरळ. काकू स्क्रीनवर वाकून बघत होत्या. मी बोटाने रेघ मागे मागे सरकवत करी रोडपर्यंत आणली.

"आणि चालत स्टेशन किती लांब?" काकूंनी विचारलं.